कागदी कवच

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्या भाषेंत एक म्हण आहे, आणि आपल्या मध्यमवर्गीय घरांतून ती बाळकडूसारखी पाजली जाते. ही म्हण ज्या काळीं निघाली त्या काळीं तिच्यांत व्यवहारज्ञान पुष्कळ असेल. भाऊबंदकीच्या दाव्यांत दोन दोन पिढ्यांचीं घरेंदारें बुडालेलीं आपल्या वाडवडिलांनीं पाहिलीं होतीं. परंतु एका पिढीचें शहाणपण पुढच्या पिढीच्या गळ्यांतील लोढणें कसें होतें, हें पाहावयाचें असेल तर आज इलेक्ट्रॉनिक वस्तूंबरोबर विकल्या जाणाऱ्या 'संरक्षण-योजनां'कडे पाहावें. ह्या योजना काढणाऱ्या मंडळींनीं आपली ही म्हण ऐकली असेल किंवा नसेल. पण त्यांचा व्यापार मात्र तिच्याच भांडवलावर चालला आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. तसें कां वाटतें तें सांगण्यासाठींच हा लेख.

प्रथम ही योजना म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. नवें यंत्र घेतलें म्हणजे तें तयार करणारी कंपनी कांहीं काळ, लॅपटॉपच्या बाबतींत बहुधा एक वर्ष, त्याची हमी घेते. ह्या हमीचा मोबदला किंमतींतच धरलेला असतो. ती मुदत संपल्यावर काय, ही जी धास्ती ग्राहकाच्या मनांत असते, तिच्यावर उभारलेला धंदा म्हणजे संरक्षण-योजना. वर आणखी कांहीं हजार रुपये भरावे, आणि पुढील एक-दोन वर्षें दुरुस्तीचा खर्च योजनावाल्यांनीं सोसावा, असा हा करार असतो. तो विम्यासारखा दिसतो, पण प्रत्येक वेळीं विमाच असतो असें नाहीं. जेथें तो केवळ सेवेचा करार असतो, तेथें विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारें प्राधिकरण आणि विमा लोकपाल ह्या दोघांचींही दारें ग्राहकास बंद होतात. हा भेद आम्हांस तरी पैसे भरतेवेळीं कोणीं सांगितला नाहीं.

आतां आमची स्वतःची हकीकत. व्यक्तिगत गाऱ्हाणीं मासिकाच्या पानांवर आणणें आम्हांस एरवीं रुचत नाहीं. परंतु जी गोष्ट घरोघर घडते ती कोणीं तरी नांवनिशीवार सांगितल्यावांचून तिचा विचार होत नाहीं. कंपनीचें नांव मात्र आम्ही देत नाहीं, कारण आमचें भांडण एका कंपनीशीं नसून एका रीतीशीं आहे. जून २०२३ मध्यें आमची धाकटी कन्या अभियांत्रिकीच्या अभ्यासास लागली, तेव्हां रत्नागिरींतील एका दुकानांतून आम्हीं ६२,००० रुपयांस एक लॅपटॉप घेतला. पैसे देतांना काउंटरवरील मुलानें योजनेची गोष्ट काढली. "सर, आणखी ५,४०० भरा आणि तीन वर्षं निर्धास्त राहा. बंद पडो, बिघडो, सगळं कंपनीकडे," असे त्याचे शब्द होते. हातीं दिलेल्या चकचकीत पत्रकावर 'संपूर्ण संरक्षण' हे दोन शब्द तळहाताएवढ्या अक्षरांत होते. आम्हीं रक्कम भरली. चौदा पानांचा करार त्यानंतर ई-मेलनें आला, आणि तो आम्हीं उघडूनही पाहिला नाहीं. ज्या गृहस्थानें तीस वर्षें विद्यार्थ्यांना 'शब्द न् शब्द वाचा' म्हणून बजावलें, त्याचा हा कबुलीजबाब आहे; वाचकांनीं खुशाल हंसावें.

जुलै २०२५ मध्यें, म्हणजे योजनेच्या ऐन मुदतींत, लॅपटॉप एके दिवशीं सकाळीं उघडलाच नाहीं. आम्हीं दुरुस्तीचा दावा, दुकानाच्या भाषेंत 'क्लेम', दाखल केला. नवव्या दिवशीं एका ओळीचें उत्तर आलें कीं, यंत्रांत द्रवपदार्थ शिरल्याच्या खुणा आढळल्या असल्यामुळें दावा नामंजूर करण्यांत येत आहे. सोबत मदरबोर्डाच्या एका कोपऱ्याचें छायाचित्र होतें, व त्यांत एक हिरवट डाग. दुरुस्ती स्वखर्चानें करून हवी असल्यास ३१,००० रुपये पडतील, असेंही कळविलें होतें. आमच्या घरीं त्या यंत्रावर पाणी, चहा, कांहींच सांडलेलें नव्हतें. तसें आम्हीं लेखी कळवून तपासणीचा पूर्ण अहवाल मागितला. अहवाल आला नाहीं. त्याऐवजीं करारांतील अकराव्या पानाकडे बोट दाखविणारें दुसरें उत्तर आलें. त्या पानावर 'ओलावा, दमटपणा, गंज अथवा हवामानजन्य कारणें' ह्यांमुळें झालेली हानि योजनेबाहेर असल्याचें बारीक टाइपांत छापलें होतें. म्हणजे पहिल्या पत्रांत आम्हीं पाणी सांडलें होतें. दुसऱ्या पत्रांत तें वरुणराजानें सांडलें. दोष कोणाचाही असो, पैसे मात्र द्यावयाचे नाहींत, एवढी एकच गोष्ट दोन्ही पत्रांत स्थिर होती.

लॅपटॉप परत आल्यावर आम्हीं तो गांवांतील एका तरुण कारागिराकडे नेला, आणि आमच्या समक्ष, छायाचित्रें घेत घेत, त्यानें तो उघडला. त्यानें सांगितलेली गोष्ट साधी होती. द्रव सांडला म्हणजे तो एका जागीं शिरतो व वाट काढीत जातो. त्याचा ओघळ दिसतो, चहा-सरबत असेल तर चिकटाही राहतो. येथें तसा ओघळ कोठेंच नव्हता. उलट, जेथें जेथें तांब्याचा भाग उघडा होता तेथें तेथें सारखाच हिरवा गंज धरला होता. "सर, समुद्राकांठची तीन पावसाळे काढलेली मशिनं पुष्कळदां आंतून अशीच निघतात," असें तो म्हणाला. त्याच्या ह्या एका वाक्यांत ह्या सर्व प्रकरणाचें मर्म आहे.

रत्नागिरींत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर भिंती पाझरतात, पुस्तकांना बुरशी येते, पेटींतले कपडे कुबट होतात. हें गुपित नाहीं; तें योजना विकणाऱ्यांस ठाऊक होतें, कारण त्यांचें दुकानही ह्याच गांवांत आहे व तेंही पावसाळ्यांत गळतें. अशा गांवीं दोन वर्षांचें 'संपूर्ण संरक्षण' विकावयाचें आणि दमटपणाचें नुकसान अकराव्या पानावर वगळावयाचें, ह्यास काय म्हणावें? ज्या संकटाचें भय दाखवून पैसा घेतला तेंच संकट कराराबाहेर ठेवणें म्हणजे छत्री विकून पावसांत ती उघडण्यास मनाई करण्यासारखें आहे. कर्णाचें कवच निदान अंगचें होतें, आणि तें काढून घेण्यासाठीं प्रत्यक्ष इंद्रास याचक होऊन यावें लागलें. आमचें कवच कागदाचें. तें देणाऱ्यानेंच देतांना फाडून ठेवलें होतें.

हा केवळ आमचा त्रागा नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें अशाच स्वरूपाच्या प्रश्नाचा निर्णय २०२२ सालीं दिलेला आहे. एका दुकानदारानें आपल्या दुकानाचा आगीविरुद्ध विमा उतरविला होता. दुकान तळघरांत होतें व विमा त्याच दुकानाचा होता. आग लागल्यावर विमा कंपनीनें करारांतील एका कलमाकडे बोट दाखवून सांगितलें कीं, तळघर विम्याबाहेर आहे! न्यायालयानें हें म्हणणें मान्य केलें नाहीं. जें अपवाद-कलम कराराच्या मुख्य हेतूचाच घात करतें त्याचा आधार घेतां येणार नाहीं, असा त्या निर्णयाचा सारांश आहे. तळघरांतील दुकान आणि कोंकणांतील यंत्र ह्यांत आम्हांस तत्त्वतः कांहीं अंतर दिसत नाहीं. तो करार विम्याचा होता आणि आमचा सेवेचा आहे, असें कोणी म्हणेल. पण कराराच्या नांवाप्रमाणें प्रामाणिकपणाचें माप बदलतें असें आम्ही मानीत नाहीं. तसेंच, दावा फेटाळतांना जें कारण पत्रांत दिलें त्यापलीकडचें नवें कारण विमा कंपनीस मागाहून पुढें करतां येत नाहीं, हेंही त्याच न्यायालयानें २०१९ सालीं सांगितलेलें आहे. पाणी सांडल्याच्या आरोपावरून हवामानाच्या सबबीवर उडी मारणाऱ्यांनीं तें लक्षांत घ्यावें.

ह्याहून मोठा दोष मात्र निराळाच आहे. यंत्र तपासावयाचें योजनावाल्यांच्या माणसानें, तपासणीचा अर्थ लावावयाचा योजनावाल्यांनीं, कराराच्या शब्दांचा अर्थही त्यांनींच सांगावयाचा. आणि निर्णय ग्राहकाच्या विरुद्ध गेला म्हणजे वांचणारे एकतीस हजार पुन्हां त्यांच्याच खिशांत! क्रिकेटच्या सामन्यांत फलंदाजानेंच पंचाची टोपी घालावी तसा हा प्रकार आहे. तो पंच प्रत्येक वेळीं खोटें बोलतो असें आमचें म्हणणें नाहीं. त्याचें नामंजुरीचें पत्र हा न्यायनिवाडा नसून एका पक्षकाराचें म्हणणें आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे. दुर्दैवानें आपण सुशिक्षित लोक छापील पत्रास निवाडा समजतों. पत्राच्या माथ्यावर बोधचिन्ह असलें, भाषा इंग्रजी असली आणि खालीं 'ह्या पत्रास उत्तर देऊं नये' असें लिहिलेलें असलें, कीं आपण मान खालीं घालतों. आमचेंही तसेंच झालें होतें. पहिलें पत्र वाचून आम्ही दोन दिवस 'खरेंच कोणीं पाणी सांडलें काय' म्हणून घरांतल्या माणसांची उलटतपासणी करीत होतों!

शेक्सपिअरचें 'मर्चंट ऑफ व्हेनिस' आम्हीं वर्गांत कित्येक वेळां शिकविलें आहे. त्यांतील न्यायसभेंत पोर्शिया कराराचें अक्षर न् अक्षर धरते आणि त्या अक्षरनिष्ठेनेंच दुबळ्या पक्षाचा जीव वांचविते. तें शिकवितांना अक्षरनिष्ठा ही दुबळ्यांची ढाल आहे असें आम्हांस वाटत असे. ह्या प्रकरणानें आम्हांस उलटा धडा मिळाला. करार एकाच पक्षानें लिहिलेला असला, चौदा पानांचा असला आणि पैसे घेतल्यावर दाखविलेला असला, म्हणजे तीच अक्षरनिष्ठा बलवानाच्या हातांतील सुरी होते.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकलें पाहिजे, कारण त्यांत अगदींच तथ्य नाहीं असें नाहीं. ते म्हणतील, 'करार तुम्हीं स्वीकारला. वाचला नाहीं हा दोष तुमचा.' दोष आमचा आहेच, व तो आम्हीं वर कबूल केला आहे. परंतु जो कागद पैसे दिल्यानंतर हातीं येतो तो आधीं वाचावा कसा, ह्याचें उत्तर त्यांनीं द्यावें. जें अपवाद-कलम ग्राहकास कळविलेंच नाहीं त्याचा फायदा विमा कंपनीस घेतां येत नाहीं, हें तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्या २००० सालच्या निर्णयांत आहे. तळहाताएवढ्या अक्षरांत वचन द्यावें आणि मुंगीएवढ्या अक्षरांत तें परत घ्यावें, ह्यास करार म्हणतां येईल. सचोटी म्हणतां येणार नाहीं.

दुसरें म्हणणें असें कीं, कित्येक ग्राहक लबाडी करतात. मुद्दाम यंत्र मोडून दावे लावतात, व त्यांच्यामुळें प्रामाणिकांवर बोजा पडतो. हें खरें असूं शकेल. परंतु लबाडीचा आरोप ज्यानें करावा त्यानें ती सिद्ध करावी, हा साधा न्याय आहे. एका डागाच्या छायाचित्रावरून घरांतील सर्व मंडळींस खोटें ठरविणें ही लबाडी पकडण्याची रीत नव्हे. ती चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची रीत आहे.

तिसरें म्हणणें विरुद्ध पक्षाचें नाहीं, आपल्याच माजघरांतलें आहे, आणि तेंच सर्वांत बलवत्तर आहे. आम्हीं लेखी नोटीस दिल्यावर योजनावाल्यांकडून निरोप आला कीं, 'सद्भावना' म्हणून दुरुस्तीच्या खर्चांत ते शेंकडा तीस सूट देण्यास तयार आहेत. मात्र आमची कांहीं तक्रार उरली नाहीं अशा कागदावर आम्हीं सही करावी. तो निरोप ऐकून घरांतून सांगणें झालें, "अहो, घ्या तेवढी सूट नि मोकळे व्हा. पोरीची परीक्षा तोंडावर आली आहे." ह्या बोलण्यांत भित्रेपणा नव्हता, संसाराचा हिशेब होता. कन्येचीं दोन वर्षांचीं टिपणें व अर्धा झालेला प्रकल्प त्या बंद यंत्रांत अडकून पडला होता, आणि ती रोज संध्याकाळीं मैत्रिणीच्या घरीं जाऊन काम करीत होती. आम्हीं एक जुना लॅपटॉप तिला घेऊन दिला, कारागिराकडून तिचीं टिपणें सोडवून घेतलीं, आणि त्या कागदावर सही केली नाहीं. आम्हांस हें करतां आलें, कारण आमचा पगार वेळेवर होतो, इंग्रजी पत्रास इंग्रजींत उत्तर देतां येतें, आणि सुट्टीच्या दिवशीं कागद लावीत बसण्याइतकी सवड आहे. हप्त्यानें मोबाइल घेणाऱ्या रिक्षावाल्याजवळ ह्यांपैकीं काय आहे? तो तीस टक्के घेईल, किंवा तेही न घेतां घरीं जाईल. म्हणूनच आपण, ज्यांच्याजवळ अक्षर आणि अवकाश दोन्ही आहेत त्यांनीं, 'जाऊं द्या' म्हणतां कामा नये. आपलें 'जाऊं द्या' आपल्यापुरतें राहत नाहीं. तें पुढच्या माणसाच्या दाव्यावर नामंजुरीचा शिक्का होऊन पडतें.

आणि पायरी चढणें वाटतें तितकें अवघडही नाहीं. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागीं २०१९ चा कायदा आला व तो जुलै २०२० पासून अमलांत आहे. त्याअन्वयें ग्राहकास आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार नेतां येते. कंपनीचें कार्यालय ज्या दूरच्या शहरांत असेल तेथें जावें लागत नाहीं. वस्तु किंवा सेवेसाठीं दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीस शुल्क नाहीं. वकील केलाच पाहिजे असें नाहीं. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, वस्तूंतील दोष परीक्षेवांचून ठरत नसेल तर ती मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकार आयोगास आहे. खेळाडूच्या डोक्यावरील पंचाची टोपी उतरविण्याची सोय कायद्यानें केलेली आहे; ती मागणारा ग्राहक मात्र पुढें आला पाहिजे. प्रथम तडजोड पाहावयाची असेल तर १९१५ ह्या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

कायद्यांत उणीवही आहे, ती झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. २०१९ च्या कायद्यानें 'अन्याय्य करार' ही कल्पना प्रथमच स्पष्टपणें मांडली, ही गोष्ट अभिनंदनीय होय. परंतु एखादा करार अन्याय्य आहे ही तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगास न देतां राज्य व राष्ट्रीय आयोगांस दिला. म्हणजे 'माझी सेवा चुकली' असें रत्नागिरींत म्हणावें, आणि 'हें कलमच अन्यायाचें आहे' असें म्हणावयाचें तर राज्य आयोगाकडे जावें! साठ हजारांच्या यंत्रासाठीं हें कोण करील?

ह्या बाबतींत ब्रिटनचें उदाहरण विचार करण्यासारखें आहे. तेथील स्पर्धा आयोगानें ह्याच व्यापाराची चौकशी करून २००३ सालीं अहवाल दिला, आणि २००५ सालीं त्यावर आदेश निघाला. घरगुती विद्युत वस्तूंवरील अशा योजनेची किंमत वस्तूच्या किंमतीजवळच दाखवावी. ग्राहकास लेखी भाव द्यावा व तो तीस दिवस कायम ठेवावा. योजना घेतल्यावर पंचेचाळीस दिवसांच्या आंत, दावा केला नसेल तर, पूर्ण पैसे परत घेऊन ती रद्द करण्याची मुभा असावी, असे नियम त्यांत आहेत. काउंटरवरील त्या दोन मिनिटांत ग्राहकाचा विचार हिरावला जातो, हें ओळखून त्यांनीं त्यास विचाराचे दिवस परत दिले. आपल्याकडेही असा नियम व्हावा. त्याखेरीज आमचें मागणें एवढेंच कीं, योजना विकण्यापूर्वीं तिच्यांतील सर्व अपवाद एका पानावर, ग्राहकाच्या भाषेंत, वचनाच्याच आकाराच्या अक्षरांत छापून त्याच्या हातीं द्यावेत. दावा फेटाळावयाचा तर तपासणीचा संपूर्ण अहवाल सोबत द्यावा. आणि अन्याय्य कराराची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगांस मिळावा. ह्यांत प्रामाणिक व्यापाऱ्यास भिण्यासारखें कांहीं नाहीं.

आमची तक्रार जिल्हा आयोगापुढें दाखल आहे. निकाल लागावयाचा आहे. लॅपटॉप एका पिशवींत मोहोर लावून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला आहे, आणि घरांतील मंडळी येतांजातां त्याकडे पाहून हंसतात. निकाल आमच्या विरुद्ध गेला तरी आम्ही तो मान्य करूं, कारण तो तिऱ्हाइतानें दोन्ही बाजू ऐकून दिलेला असेल. आम्हांस जें मान्य नाहीं तें एवढेंच कीं, ज्यानें पैसा घेतला त्यानेंच न्यायही करावा. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें एका ओळीचें पत्र आलें असेल, तर तें फाडून टाकूं नये. करार काढून वाचावा, लेखी कारण मागावें, अहवाल मागावा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर जिल्हा आयोगाची पायरी चढावी. शहाण्यांनीं ती टाळल्यामुळेंच ती आजवर इतकी उंच वाटत आली आहे.